सांडव्यावरची जाळी

“हे मोडते कवा?” बाबांनी विचारलं.

मच्छीमार सोसायटीची बैठक तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली भरली होती. सतरंजीवर नकाशा पसरून मी त्याच्या चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते. वीस-बावीस माणसं आणि सात-आठ बाया वाकून त्या निळ्या रेघांकडे बघत होत्या. तासभर मी सगळं समजावून सांगितलं होतं. उंची किती, रुंदी किती, गज किती जाडीचे, पाया किती खोल. आणि सगळं झाल्यावर सोसायटीच्या अध्यक्षांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डोमाजी वलथऱ्यांनी, एवढंच विचारलं.

“मोडत नाही, बाबा,” मी म्हणाले. “लोखंडाची आहे. पंचवीस वर्षं तिला काही होत नाही.”

लोक हसले. सोसायटीचे सचिव परसरामकाका बाबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “डोमा, पोरगी इंजिनेर झाली तुयी, अना तू मोडाची गोष्ट करतं!”

बाबाही हसले. पण नकाशावरचं बोट त्यांनी उचललं नाही. ते जाळीच्या बरोबर मध्यावर होतं.

याला आता बावीस वर्षं झाली. आमचं गाव कवडीटोला, गोंदिया जिल्ह्यात, जंगलाच्या कडेला. गावाला मोठा जुना तलाव आहे. कोणा मालगुजाराच्या काळात बांधलेला, मातीच्या लांब पाळीचा, म्हणजे बांधाचा. आम्ही ढिवर. शेती दुसऱ्यांची, तलावातला मासा आमचा, अशी आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. पावसाळ्यात तलाव भरला की जास्तीचं पाणी पाळीच्या टोकाशी असलेल्या दगडी सांडव्यावरून नाल्यात जातं, आणि पाण्याबरोबर मासाही जातो. वर्षभर जपलेला मासा दोन दिवसांत खालच्या गावांच्या नाल्यांत निघून जातो. म्हणून आमची माणसं सांडव्यावर बांबूच्या तट्ट्या बांधत. पाणी जावं, मासा राहावा.

गावात तट्ट्या बांधायचं काम बाबांचं होतं. आषाढ लागायच्या आत अंगणात बांबूच्या कामट्यांचा ढीग पडे. बाबा सोलत, आई सारखं करून देई, आणि पळसाच्या मुळांच्या दोरीने बाबा एकेक कामटी बांधत जात. तरी दरवर्षी मोठा पूर आला की मधली तट्टी मोडायची आणि काही मासा जायचाच. लहानपणी मी सांडव्यावर उभी राहून रडायचे. मोठी झाल्यावर मला त्याचा राग यायला लागला.

आमच्या टोल्यात, म्हणजे ढिवरांच्या वस्तीत, दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली मुलगी. पॉलिटेक्निकला सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नागपूरच्या एका संस्थेत लागले. जुन्या तलावांची दुरुस्ती, त्यांतल्या देशी माशांची आणि पाणवनस्पतींची जपणूक, हे त्या संस्थेचं काम. त्यासाठी लागणारी बारकी बांधकामं मी आखायची. कुठे उन्हाळ्यात मासा जगावा म्हणून तलावाच्या पोटात दगडांनी बांधलेला डोह, कुठे पिल्लं वाढवायचं कुंड, कुठे गुरं उतरू नयेत म्हणून दगडांची बुटकी भिंत. सव्वीसाव्या वर्षी मला माझ्याच गावाचा तलाव मिळाला. आमचे प्रमुख, बोधनकर सर, म्हणाले होते, “कुंदा, हे तुझं घरचं काम. जीव ओतून कर.”

मी ओतला. आधी डोह बांधला. त्या उन्हाळ्यात तलाव आटला, पण डोहात मरळ आणि मागूर तगले. बाबा रोज काठावर उकिडवे बसून पाण्यातल्या सावल्या बघत. “हे बेस केलं तू,” ते म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप होतं. आईने टोल्यातल्या बायांना घेऊन काठावर माजलेली बेशरमाची झुडपं उपटली आणि त्या जागी देवधान, कमळकंद असं जुनं, देशी लावलं. तीन वर्षांत न दिसलेली बदकं त्या हिवाळ्यात उतरली. मला वाटलं, आता जमलं. आता फक्त सांडवा राहिला.

बैठकीच्या संध्याकाळी घरी आल्यावर बाबा अंगणात बाजेवर बसले. मी नकाशा गुंडाळत होते.

“कुंदे,” ते म्हणाले, “मधली तट्टी मी कच्ची बांधतो, तुले मालूम हाय का?”

“म्हणजे?”

“म्हंजे जुन्या दोरानं बांधतो. एकच आढा, एकच येढा देतो. बाजूच्या पक्क्या. मधली कच्ची.”

“मग ती मोडणारच ना, बाबा! आणि आपण दरवर्षी पुराला दोष देतो.”

“मोडाले पायजे थे. पुरात झाडझाडोरा येते, बेशरम येते, मेलेलं ढोर येते. तट्टी तुंबते. तुंबली का पानी चढते. पानी चढलं का पाळीवरून जाते. पाळ मातीची हाय, बाई. मंग तलावच नाई राहात. म्हनून मधली मोडू द्याची. थोडासा मासा जाते. जाऊ द्याचा. खालच्या गाववाल्याइलेही तं खाले लागते.”

आता मला वाटतं, हे सांगायला त्यांना किती जुळवाजुळव करावी लागली असेल. पण तेव्हा मी दमले होते, आणि नोकरीतला माझा पहिला मोठा नकाशा माझ्या हातात होता. मी त्यांच्याशी घरच्या बोलीत नाही, नागपूरच्या ऑफिसातल्या भाषेत बोलले.

“बाबा, मी गजांमध्ये अंतर ठेवलंय. कचरा निघून जाईल असा हिशोब केलाय. मुद्दाम कच्चं काम करणं याला काही अर्थ नाही.”

आई चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही.

“हिसोब केला हाय ना?” बाबांनी विचारलं.

“हो.”

“मंग ठीक हाय.”

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ठरावावर पहिली सही त्यांनी केली. परसरामकाका जरा घुटमळत होते. खरं तर त्यांनाही शंका होती. तर बाबाच त्यांना म्हणाले, “आपून इतके वर्स आपल्या अकलेनं केलं. आता पोरगी शिकून आली. तिचं आइकाचं.”

वेल्डर गोंदियाहून आला. आठ दिवसांत जाळी उभी राहिली. तीस फूट लांब, छातीएवढी उंच, उभे गज, हिरवा रंग. पाया मी स्वतः उभी राहून भरून घेतला. शेवटच्या दिवशी बाबांनी जाळीला नारळ फोडला आणि दोन्ही हातांनी धरून ती हलवून बघितली. ती हलली नाही. ते माझ्याकडे बघून हसले.

त्या पावसाळ्यात आमच्या घरात बांबू सोलला गेला नाही.

पाऊस भरपूर झाला. मी नागपुरात होते, मन सांडव्यावर. जुलैच्या शेवटी दोन दिवस धो धो कोसळला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस पकडून मी गाव गाठलं. चिखल तुडवत सरळ सांडव्यावर गेले. पाणी गजांमधून पांढरं होऊन पडत होतं. जाळीला एक काडी चिकटलेली नव्हती. आतल्या बाजूला, कंबरभर पाण्यात, मासे गजांशी येत होते आणि वळून परत जात होते. मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. मग पिशवीतून कॅमेरा काढला आणि चारही बाजूंनी फोटो घेतले.

घरी बाबा निजले होते. दिवसा निजणारा माणूस नव्हता तो.

“बरं नाही का?”

“कसकस हाय थोडी,” आई म्हणाली. “होते पानकारात, पावसाचे दिवस.”

जेवताना त्यांच्या दोन्ही तळहातांवर फडकी दिसली. “हे काय झालं?”

“बेशरम तोडत होतो पाळीवरचा. ईरा लागला.”

मी विळ्याच्या जखमांवर हळद लावून नवीन फडकी बांधून दिली. आनंदात होते. सांगत होते, की जाळी किती स्वच्छ राहिली, हिशोब कसा बरोबर आला. बाबा पोरासारखे हात पुढे करून बसले होते आणि मान हलवत होते.

“म्हंजे बरी झाली ना वं जाळी?” त्यांनी विचारलं.

“बरी? बाबा, एक नंबर झाली.”

“बस्स मंग.”

त्या वर्षी तलावात इतका मासा निघाला की कटवा आणि बोटरी मासळी टोल्यातल्या घराघरांत वाळत पडली होती. मी अहवाल लिहिला. पहिल्या पानावर तो फोटो, आणि खाली ओळ: ‘अतिवृष्टीनंतरची जाळी. वेगळ्या देखभालीची गरज नाही.’ बोधनकर सरांनी तो अहवाल वरच्या लोकांना दाखवला. हिवाळ्यात बातमी आली, की आसपासच्या आणखी अकरा तलावांवर अशाच जाळ्या बसवायच्या. माझाच नकाशा. मी घरी चिठ्ठी लिहून कळवलं. परसरामकाकांनी ती सगळ्या टोल्याला वाचून दाखवली, असं नंतर ऐकलं.

उन्हाळ्यात चार गावांत जाळ्या उभ्या राहिल्या. बाकीच्या सात गावांची माणसं मात्र म्हणाली, आम्ही आधी कवडीटोल्याची जाळी भर पाण्यात बघू, मग ठरवू. म्हणून पुढच्या पावसाळ्यात, भादव्यात, पाहणी ठरली. बोधनकर सर, दोन इंजिनियर आणि त्या सात गावांचे सोसायटीवाले. गणपती बसून चार दिवस झाले होते. आठवडाभर आधी मी घरी निरोप धाडला, अमुक दिवशी सकाळी अकराला येतो, पंधरा-सोळा माणसांचा चहा ठेवा.

आदल्या दोन दिवसांत पुन्हा तसाच पाऊस झाला. निघताना बोधनकर सर म्हणाले, “पुढे ढकलायचं का?” मीच म्हणाले, “उलट बरं, सर. भरल्या पाण्यात बघायला मिळेल.”

वाटेत पाऊस उघडला. ऊन पडलं. दोन जीप होत्या, मी पहिल्या जीपमध्ये पुढे बसले होते. गावाच्या अलीकडच्या वळणावर गाडी हळू झाली तेव्हा आवाज ऐकू आला. लोखंडावर लोखंड आपटल्याचा. खण्, खण्, खण्. मध्येच थांबे आणि पुन्हा सुरू होई.

“काम चाललंय वाटतं काहीतरी,” बोधनकर सर म्हणाले.

पाळीवर माणसं धावताना दिसली. जीप थांबायच्या आत मी उडी टाकली.

जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी हिरवी-काळी भिंत होती. बेशरमाच्या जुड्या, फांद्या, उपटून आलेलं गवत, सगळं तीस फूट रुंद आणि पाणी त्याच्या वरच्या काठाला टेकलेलं. एका जागी मात्र भोक पडलं होतं आणि तिथून पाणी गर्जत बाहेर पडत होतं. त्या भोकाशी, पाण्यात छातीपर्यंत, परसरामकाका आणि आणखी दोघं उभे होते. काका कुऱ्हाडीने जाळीच्या गजावर घाव घालत होते. त्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता, नुसता आवाज निघत होता.

मधल्या गजांशी बाबा होते.

ते सकाळपासून कचरा काढत होते. दोन्ही बाजूंचा काढला तरी मागून नवा येऊन अडकत होता; मध्यावर आले, तेव्हा अडकलेला मोठा गठ्ठा एकदम सुटला. मोकळ्या जागेकडे सगळ्या तलावाचं पाणी धावलं आणि त्याने त्यांना पाण्याखाली जाळीवर दाबून धरलं. पाय खालच्या चौकटीखाली गेला, तिथला दगड वाहून गेला होता. परसरामकाकांच्या बायकोने पाळीवरून पाहिलं आणि ओरडली. माणसं यायला पाच-सात मिनिटं लागली असतील. त्यांनी ओढून पाहिलं. पाणी सोडत नव्हतं. मग गज तोडायला घेतले.

बारीकशी एक खाच पडली होती गजाला. तेवढीच.

शेवटी पाळीच्या खालच्या टोकाला फावड्यांनी माती खणून पाण्याला दुसरी वाट करून दिली, तेव्हा जोर कमी झाला आणि बाबा सुटले. त्यात अर्धा तास गेला. पाळीवर आणून त्यांना निजवलं. आलेल्या इंजिनियरांपैकी एकाने छाती दाबून बघितली, बराच वेळ. मग तो उठून बाजूला गेला. आई आली. तिने पदराने त्यांच्या तोंडावरचं गवत पुसलं, कानातलंसुद्धा. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहुण्यांसाठी केलेला चहा घरी चुलीवर आटून गेला होता, हे संध्याकाळी शेजारणीने सांगितलं.

तिसरा दिवस आटोपल्यावर घरात आई आणि मी दोघीच उरलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं,

“आई, बाबा पान्यात कायले उतरले?”

तिने माझ्याकडे बघितलं. बराच वेळ.

“थे रोजच उतरत, कुंदे.”

“रोज म्हंजे?”

“पानी आलं का उतरत. गेल्या साली बी. पहिल्याच पानकारात तुंबली ना थे जाळी. पाळीवरून पानी जाते का काय असं झालं. दोन दिवस अना रात पान्यातच होते. हातानं ओढून काढलं समदं. ईराही कामी नाई ये, गजात अडकते. हाताची सालटं निंघाली. अना तिसऱ्या दिवसी तू आली फोटो काढाले.”

मी तिच्याजवळ सरकले.

“मी म्हनलं, पोरीले सांगा. परसरामभाऊ बी म्हनत होता. तं त्यायनं आमाले सपत घातली. ‘नोकरी नवी हाय तिची. जाळी बरी हाय, थोडीशी माया हातची मदत लागते, बस्स. होते हळूहळू,’ म्हने. मंग तुयी चिठ्ठी आली अकरा गावायची. थे आइकून लय हासले. हासले अना गप झाले.”

“तवा तरी सांगाचं ना, आई.”

“सांगतो सांगतो म्हनत होते. पाहुने येऊन जाऊ दे, मंग सांगतो म्हनत होते.”

तेराव्यानंतर मी नागपूरला गेले. बोधनकर सर भला माणूस. त्यांनी दार लावून घेतलं, मला बसवलं, स्वतः पाणी दिलं.

“तू महिनाभर येऊ नकोस,” ते म्हणाले. “आणि मनाला लावून घेऊ नकोस. हा अपघात आहे, डिझाइनचा दोष नाही. तुझाच अहवाल बघ ना. अख्खा पावसाळा जाळी स्वच्छ होती.”

“ती कोणी स्वच्छ केली ते मला आत्ता कळलं, सर.”

त्यांना समजायला जरा वेळ लागला. मग ते खुर्चीत मागे टेकले.

“ठीक आहे,” ते हळूच म्हणाले. “मग प्रत्येक गावी देखभालीसाठी एक माणूस नेमू.”

“माणूस होता, सर. दोन पावसाळे होता.”

मी पिशवीतून एक कागद काढला. बाबा सांगायचे तसं मी पहिल्यांदाच कागदावर काढलं होतं. दोन्ही बाजूंना लोखंड, मध्ये दहा फूट मोकळं, तिथे बांबूची तट्टी, जुन्या दोरीने, एकाच आढ्याने बांधलेली. मोडण्यासाठी बांधलेली. सरांनी तो कागद उलटसुलट करून बघितला.

“हे कोणाचं डिझाइन म्हणून लिहू?” त्यांनी विचारलं.

“डोमाजी वलथरे, कवडीटोला,” मी म्हणाले. “आणि आधीचा अहवाल मला खोडून काढायचाय. माझ्या सहीने.”

सात गावांचं काम थांबलं. चार गावांत जाळ्या उभ्या होत्या. तिथे मी गॅस कटर आणि कारागीर घेऊन स्वतः गेले. पण सगळ्यात आधी आमच्या सांडव्यावर. लोक पाळीवर गोळा झाले होते, कोणी जवळ येत नव्हतं. कारागिराने मधले दहा फूट कापून काढले. कुऱ्हाडीची खाच असलेला गज परसरामकाकांनी उचलला आणि न बोलता खांद्यावर टाकून घरी नेला.

मग एकेका गावी बैठक घ्यायची आणि उभं राहून सांगायचं, ही जाळी मी आखली, ती चुकीची आहे, तिने माणूस मारलाय, मधला भाग कापायचाय. पहिल्या गावी मी सगळं कागदावरून वाचून दाखवलं. दुसऱ्या गावी लोक चिडले, एक म्हातारी म्हणाली, शिकलेल्याइचा खेळ होते अना आमचा जीव जाते. मी ऐकून घेतलं. तिसऱ्या गावी फारसं कोणी आलंच नाही.

चौथं गाव डोंगरबोडी. कवडीटोल्याहून सायकलने दोन तास, घाट चढून. तिथले मंगरूजी नावाचे म्हातारे ढिवर सांडव्याचं काम बघत. कापाकापी चालू असताना ते माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

“तुमी डोमाजीची पोरगी ना जी?”

“हो.”

“थे आल्ते इतं. उनाळ्यात, जाळी बसवली तवा.”

“बाबा? इथे?”

“हो ना जी. सायकलवर आल्ते. चारही गावं फिरले म्हनत होते. बसले मायापाशी. म्हनले, पोरीनं चांगली जाळी केली हाय, फकस्त पान्यात तिले साफ ठेवा लागते. कसं उतराचं, कोनत्या बाजूनं लागाचं, मधात सगळ्यात सेवटी जाचं, समदं दाखवलं. अना सांगलं, मंगरूजी, बिनदोराचं उतराचं नाई. कंबरेले दोर बांधाचा अना काठावरच्या झाडाले गुंतवाचा. मी बी तसंच करतो म्हने, जांभरीले बांधतो.” म्हातारबुवांनी काठावरच्या झाडाकडे बोट दाखवलं. झाडाच्या बुंध्याला दोर होता. “हा त्यायनंच बांधून देल्ला. या पानकारात मी तीनदा उतरलो जी. यानंच वाचलो.”

मी त्या दोराकडे बघत राहिले.

आमच्या सांडव्यावरही जांभूळ आहे. अगदी काठावर. त्या दिवशी त्या जांभळीखाली मी अर्धा तास उभी होते. बुंध्याला दोर नव्हता. बाबांच्या कंबरेलाही नव्हता.

घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी पिशवी खाली न ठेवताच विचारलं,

“आई, बाबाचा दोर होता ना? पान्यात उतराचा?”

तिचे हात सुपात थांबले.

“होता. जांभरीलेच बांधला राहे, पानकाराभर.”

“मंग त्या दिवसी?”

सुपातला एक खडा वेचून तिने बाहेर टाकला.

“त्या दिवसी सकारीच सोडून आनला त्यायनं. मी म्हनलं, अजी, काहाले सोडता? तं म्हने, सायेब लोकं येनार हायत, सात गावायची मानसं येनार हायत. झाडाले दोर दिसन तं इचारतीन ना, हा काहाचा होय म्हून. मंग पोरीले मान खाली घालाव लागन. घंटाभराचं काम हाय, म्हने. मी चाय देल्ला. अर्धाच पेले. म्हनले, जाऊन येतो, थे याच्या आंधी साफ झाली पायजे.”

मी मागच्या खोलीत गेले. धान्याच्या कोठीशेजारी, जमिनीवर, दोर नीट वेटोळं करून ठेवलेला होता. पळसाच्या मुळांचा, त्यांच्या हातचा, तिपदरी वळलेला. मी खाली बसून तो मांडीवर घेतला आणि उलगडत गेले. शेवटच्या टोकाला कंबरेचा फास होता. रोज घालून-काढून त्याला आकार आला होता. तो बाबांच्या कंबरेएवढाच राहिला होता.

माझी बोटं गाठीवर गेली असावीत. दारात आई उभी होती.

“थे गाठ नोको सोडू वं,” ती म्हणाली.